दिवा मीच नेला

गुंदिक गावातून इस्तंबूलच्या गोदीत पोटासाठी आलेली माणसं कमी नव्हती. पण एकाला हाक मारली की दुसरे दोघेही वळून बघत, असं फक्त नेझीर, बिरो आणि सालो या तिघांचंच होतं. पूर्वेकडच्या बिटलीसच्या डोंगरातून निघालेल्या एकाच बसने ते आले, एकाच तळघरात अंथरुणं टाकून राहिले, आणि एकाच ठेकेदाराकडे जहाजांचा गंज खरवडायला लागले.

नेझीर थोरला. गावी त्याची बायको गुलिझार, तीन पोरं आणि म्हातारा बाप अव्दो. बोलायला असा की रडत्या माणसाला हसवील आणि हसत्याच्या खिशातली सिगारेट काढून घेईल. बिरो त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, अंगाने दांडगा, जिभेने जड. आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली, बाप पुढे एका हिवाळ्यात कोसळत्या बर्फाखाली सापडला. आठ वर्षांच्या बिरोला अव्दोने शेरडं राखायला म्हणून घरी आणलं ते कायमचंच. नेझीरच्या ताटात तो जेवला, त्याच्याच गोधडीत झोपला. सालो तिसरा, सगळ्यांत धाकटा आणि सगळ्यांत भित्रा. हे तो स्वतःच सांगायचा. दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं, असा त्याचा हिशेब.

गोदीत राज्य होतं काळ्या समुद्राकडच्या लोकांचं. मुकादम त्यांचा, वेल्डर त्यांचे, कोठीवाला त्यांचा, चहावालासुद्धा त्यांचाच. या तिघांसारख्या कुर्दांच्या वाट्याला जहाजाच्या पोटातल्या टाक्या यायच्या. ओणवं होऊन आत शिरायचं, गंज खरवडायचा, मग त्याच टाकीत बसून रंग मारायचा. बाहेर आलं की नाकातून तांबडं पाणी गळायचं आणि जेवताना भाकरीला रंगाचा वास यायचा.

जेवणाच्या पडवीत त्यांचं बाक वेगळं. कुणी नेमून दिलं नव्हतं, पण दुसऱ्या बाकावर बसलं की जागा एकदम कमी पडायची.

“काय रे,” एखादा वेल्डर ओरडायचा, “कुर्दांना शेपटी असते म्हणतात. बसताना कुठे ठेवता?”

“घरी ठेवून येतो,” नेझीर म्हणायचा. “इथे आणली तर तुम्ही लोक सूप ढवळायला मागाल.”

पडवी हसायची, वेल्डरही हसायचा, आणि सालोचा अडकलेला घास खाली उतरायचा. बिरो मात्र हसत नसे. त्याला तुर्की कळायचं सगळं, पण उत्तर जुळवेपर्यंत लोक उठून गेलेले असायचे.

एकदा कुणीतरी बिरोच्या पाठीला दोराचं शेपूट चिकटवलं. अर्धा दिवस तो तसाच गोदीभर फिरला. चहाच्या वेळी त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने दोर काढला, नीट गुंडाळला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसणाऱ्या वेल्डरच्या तोंडावर एकच ठोसा दिला. दोन दात गेले.

मुकादम यशार धावत आला. यशार काळ्या समुद्रावरच्या रिझेकडचा, पन्नाशीचा, पोटाच्या दुखण्याने कायम वाकडा. “कुणाचा हात?” त्याने विचारलं.

बिरो तोंड उघडतो तोवर नेझीर पुढे झाला होता. “माझा.”

“तुझा? त्याचा हात बघ की, रक्ताने भरलाय.”

“मी त्याला उसना दिला होता,” नेझीर म्हणाला.

यशारला हसू आलं, पण नेझीरला महिनाभर कामावरून काढलंच. भर हिवाळ्यात नेझीर भाजीबाजारात कांद्याची पोती उचलत होता. घरी येऊन पाठ शेकत तो म्हणायचा, “बिरोला काढलं असतं तर तो एवढ्या मोठ्या शहरात कुणाशी बोलला असता? मी काय, कांद्यांशीसुद्धा बोलतो.” बिरो उठून नेझीरच्या पाठीवरची वीट बदलून दुसरी गरम वीट ठेवायचा.

ही गोष्ट घडली त्याच्या पुढच्या वर्षी, मार्चमधल्या एका शुक्रवारी.

एक तेलवाहू जहाज दुरुस्तीला आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पाहणीला यायचा होता. खालच्या टाकीत नेझीर आणि जुमा रंग मारत होते. जुमा गुंदिकचाच, वरच्या आळीतला, बावीस वर्षांचा, कामावर येऊन जेमतेम महिना झालेला. नेझीरनेच त्याला लावून दिलं होतं. टाकीच्या तोंडाशी राखणीला बिरो. डेकवर दहा पावलांवर सालो रंगात थिनर ओतून काठीने ढवळत होता.

दुपारी यशार आला आणि टाकीतली कोंदट, चटकन पेट घेणारी वाफ बाहेर खेचणारा पंखा काढून शेजारच्या टाकीकडे घेऊन गेला. “तासाभरात परत देतो,” म्हणाला. त्यालाही वरून कुणीतरी धारेवर धरलं होतं. पोट दाबत तो पळतच गेला.

थोड्या वेळाने नेझीर शिडीने वर आला. डोळे लाल, खोकून खोकून वाकलेला.

“आतला दिवा गेला,” तो म्हणाला. “डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही.”

“कोठीवाला नमाजाला गेलाय,” बिरो म्हणाला. “कोठीला कुलूप. ठिणगी बाहेर न सोडणारा जाड काचेचा दिवा त्याच्याकडेच.”

“तो येईपर्यंत यशार माझं कातडं सोलील.” नेझीरने शिडीला टांगलेला उघडा बल्ब वायरीसकट काढला.

“नेझीर, नको. थांब जरा.” बिरोने वायर धरून ठेवली.

“अरे, जुमा आत बसलाय अंधारात. दोन हात मारले की झालं. वायर सोड.”

“नको म्हणतो ना.”

“सोड गं, म्हातारे!” नेझीर हसला आणि खाली उतरला.

बिरोने वायर सोडली. सालोने हे सगळं पाहिलं, ऐकलं. काठी हातात धरून तो उभा होता. ‘नेझीर, खरंच नको’ एवढं त्यालाही म्हणता आलं असतं. पण दोघं थोरले बोलत असताना तो मध्ये पडत नसे.

आवाज मोठा झालाच नाही. भरल्या पोत्यावर काठी मारावी तसा दबका दणका, आणि टाकीच्या तोंडातून जाळ वर आला. सालो मागच्या मागे पडला. उठून पाहतो तर बिरो तोंडाशी नव्हता. तो आत गेला होता.

पहिल्यांदा त्याने नेझीरला ओढून वर आणलं. मग पुन्हा गेला आणि जुमाला आणलं. जुमा तेव्हाच संपला होता. नेझीरच्या अंगावरचे कपडे आणि कातडं वेगळं ओळखू येत नव्हतं, पण तो श्वास घेत होता. बिरोचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते आणि ते पुढे धरून तो विचारत होता, “पाणी कुठंय? पाणी कुठंय?” कुर्दीत विचारत होता. भोवती जमलेल्यांतल्या एकालाही कळत नव्हतं.

नेझीर तीन दिवस जगला. शुद्ध आली नाही. ते तीन दिवस सालो दवाखान्याच्या बोळात भिंतीला टेकून बसून होता. रविवारी यशार आला. संत्र्यांची पिशवी त्याने सालोच्या शेजारी ठेवली.

“चौकशीवाले येतील,” तो म्हणाला. “कागदावर एक नाव लागतं त्यांना. दिवा कुणी नेला, तुमच्यातल्याच कुणीतरी नेला ना?”

“उस्ताद, पंखा तुम्ही काढला होता.”

“कुठला पंखा?” यशार म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते ऐकवलं नाही बहुतेक, मान खाली घालून तो पुटपुटला, “मला चार पोरी आहेत रे.” आणि निघून गेला.

सोमवारी सकाळी नेझीर गेला. तासाभराने गावची माणसं पोचली, रात्रंदिवस बस करून आलेली. अव्दो, आणि जुमाचा थोरला चुलता तल्हा, बरोबर त्याचे दोन भाऊ. घरी आणखी चार होते. वरच्या आळीत तल्हाचा शब्द चालायचा आणि शब्द चालला नाही तिथे भावांचे हात चालायचे. वीस वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून त्या घराने खालच्या आळीतलं एक अख्खं कुटुंब गावातून उठवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अव्दो बाकावर बसला. कुणी त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला तो त्याने तसाच धरून ठेवला. तल्हा बसला नाही.

“मुकादम म्हणतो, आपल्यातल्याच एकाने उघडा दिवा आत नेला,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “मला एवढंच कळायला हवं. दिवा कोणी नेला?”

अव्दोने मान वर केली. समोरून बिरो येत होता, दोन्ही हातांना भाकरीएवढी जाड पट्ट्यांची बोचकी. प्रश्न त्याच्या कानावर पडला होता. तो तल्हासमोर येऊन उभा राहिला.

“मी,” बिरो म्हणाला.

त्याने पट्ट्यांचे हात खाली सोडले.

“दिवा मीच नेला. नेझीर नको म्हणत होता.”

सालोने तोंड उघडलं. बिरोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि सालोने तोंड मिटलं. पुढे कितीतरी वर्षं तो स्वतःला विचारत राहिला, की बिरोच्या नजरेमुळे मिटलं, की तल्हाच्या भीतीने.

तल्हाचे भाऊ पुढे सरकले, पण तल्हाने हात आडवा धरला, इथे नको. अव्दो उठला. हातातला पेला त्याने बाकावर जपून ठेवला. बिरोच्या अगदी जवळ जाऊन त्याने त्याचं तोंड निरखलं, जणू आधी कधी पाहिलंच नव्हतं.

“माझ्या ताटात जेवलास तू,” तो म्हणाला. एवढंच. मग भिंतीला धरून धरून मुलाचं प्रेत पाहायला गेला.

सालोने बिरोला न्हाणीघरात गाठलं.

“वेड लागलंय का तुला? हे काय बोललास?”

“हळू बोल.”

“तू तर नको नको म्हणत होतास! मी ऐकलंय.”

“अव्दोकाकाच्या दारात आता पुरुष कोण उरला, सांग,” बिरो म्हणाला. इतकं सलग बोलताना सालोने त्याला क्वचितच ऐकलं होतं. “एक म्हातारा, एक बाई, तीन पोरं. नेझीरने जुमाला मारलं असं निघालं तर तल्हा काय करील?”

“आता तसे दिवस राहिलेत का…”

“तुला माहीत आहे काय करील.”

सालोला माहीत होतं. “आणि तुझं?”

“माझ्यामागे कोण आहे? माझ्या घराला आग लावायची म्हटली तर आधी घर बांधावं लागेल त्यांना.”

“पण मग पंखा? यशारने पंखा काढला ते सांगू ना आपण.”

“पंख्याचं सांगायला गेलो की दिव्याचं खोदून विचारतील. दिव्याचं निघालं की नेझीर निघाला.” त्याने पट्टीचा हात उचलून सालोच्या छातीवर ठेवला. “शपथ घे. नेझीरच्या पोरांची घे.”

सालोने घेतली.

खटला लवकर आटोपला. बिरोने जड जिभेने कबुली दिली, वकिलाने काही विचारलं तर “हो” म्हणाला. गोदीच्या बाजूचे वकील तिघे होते आणि तिघेही खुशीत होते. सालोला साक्षीला उभं केलं. तो म्हणाला, “मी रंग ढवळत होतो. माझी पाठ टाकीकडे होती.” पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या महिन्यात यशारने सालोला टाकीतून काढून कोठीवर बसवलं. उबदार जागा, बसायला खुर्ची, दिव्यांच्या किल्ल्या आता त्याच्याकडे. सालोने नाही म्हटलं नाही.

तिकडे गुंदिकमध्ये मौलवी आणि म्हाताऱ्यांनी बसून समेट केला. बिरोचं रक्त सांडायचं नाही, पण गुंदिकच्या मातीला त्याचे पाय लागता कामा नयेत. अव्दोने ते मान्य केलं. त्या दिवशी जुमाची आई सगळ्यांदेखत खालच्या आळीत आली आणि गुलिझारचं डोकं छातीशी धरून रडली. दोघींच्या माणसांना एकाच हाताने नेलं होतं ना. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं. एकीची चूल पेटली नाही तर दुसरी विस्तव आणून द्यायची. नेझीर आणि जुमा शेजारी शेजारी पुरलेले.

बिरो सुटला तेव्हा दारात एकटा सालो होता. चार वर्षांत बिरोचे केस गेले होते आणि डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. कुठल्याही गोदीने त्याला घेतलं नाही. मार्मरा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर एका मच्छीमार गावात त्याला काम मिळालं, ओढून काठावर घेतलेल्या होड्यांची बुडं खरवडायचं. जाळी ठेवायच्या खोपटात तो राहायचा. गावकरी त्याला नावाने ओळखत नसत, ‘पूर्वेकडचा’ म्हणत. सालो वर्षातून दोनदा जायचा, चहा-साखर न्यायचा.

पहिल्याच खेपेला सालोने सांगून टाकलं, कारण मनात ठेवणं होत नव्हतं. “तू आत गेलास त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या गोदीत आणखी एक टाकी पेटली. दोन माणसं. तिथेही पंखा नव्हता.”

बिरो होडीच्या बुडाला हात लावून उभा राहिला.

“कुठली माणसं?”

“एक मुशकडचा, आपल्यातला. एक त्यांच्यातलाच, काळ्या समुद्राचा. आपण तेव्हा पंख्याचं बोललो असतो तर…”

“मला ते तुरुंगात सुचलं,” बिरो म्हणाला. “दुसऱ्या वर्षी. तोवर फक्त अव्दोकाकाचं दार दिसत होतं.” आणि पुन्हा खरवडायला लागला.

आगीला आठ वर्षं झाली तेव्हा सालो साखरपुड्याला गुंदिकला गेला. नेझीरची थोरली मुलगी दिलशा जुमाच्या धाकट्या भावाला, सरहतला दिली होती. अंगणभर माणसं, परातीत भात आणि मांस. जेवण्याआधी जुमाची आई उठली, हात वर करून दोघा मेलेल्यांसाठी दुवा मागितली, आणि मग म्हणाली, “आणि ज्याने त्यांना जाळलं त्या बिरोला कबरीतसुद्धा गारवा न मिळो.”

“आमीन,” गुलिझार म्हणाली, सगळ्यांत खणखणीत. दिलशाही म्हणाली. शेजारी बसलेल्या माणसांनी सालोकडे पाहिलं, म्हणून त्यानेही ओठ हलवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर गुलिझार एकटी सापडली तेव्हा सालोने शपथ मोडली. सगळं सांगितलं, दिव्यापासून पंख्यापर्यंत. भरलेली घागर गुलिझारने दगडावर ओतून रिकामी केली आणि म्हणाली, “मला त्याच्याकडे घेऊन चल.” घरी सांगितलं, डोळे दाखवायला इस्तंबूलला जाते.

ते पोचले तेव्हा बिरो एका उलथ्या होडीखाली पाठीवर पडून काम करत होता. आधी त्याला पावलं दिसली असणार. तो बाहेर आला, तोंडावर निळ्या रंगाचा भुगा. खरवडायचं पातं त्याच्या हातातून गळालं.

“वहिनी,” तो म्हणाला.

“वहिनी म्हणू नकोस मला.” गुलिझार त्याच्यापासून चार पावलांवर थांबली. “दवाखान्यात तू म्हणालास, नेझीर नको म्हणत होता. खरं काय? नको कोण म्हणत होतं?”

बिरोने सालोकडे पाहिलं. सालोने वाळूकडे.

“मला सगळं पाहिजे,” गुलिझार म्हणाली. “त्याच्या बायकोला नाही सांगायचं तर कुणाला?”

मग बिरोने सांगितलं. तुटक तुटक, पण काही न वगळता. नेझीर ‘म्हातारे’ म्हणून हसला तेही सांगितलं.

“आठ वर्षं,” ती म्हणाली, “भाकरी थापताना प्रत्येक थापेला मी तुझं नाव घेतलं, बिरो. दात खाऊन घेतलं. आता त्या शिव्या कुणाला देऊ? त्याला? तो घाई करून मेला, मला तीन पोरांनिशी टाकून गेला, आणि मला त्याच्यावर एकदा ओरडतासुद्धा आलं नाही! कुणी सांगितलं होतं तुला? मला विचारलंस?”

“नाही.”

“ह्याच हातांनी ओढलंस त्याला?”

“हो.” बिरो हातांकडे पाहत होता. “धुरात काही दिसत नव्हतं. पायाला काहीतरी लागलं. जुमा होता. कण्हत होता. आणि पलीकडून खोकला ऐकू आला. नेझीरचा खोकला मी झोपेतही ओळखतो. मी जुमाला ओलांडून खोकल्याकडे गेलो. परत आलो तोवर जुमा कण्हायचा थांबला होता.” तो थांबला. “म्हणजे मी दवाखान्यात अगदीच खोटं बोललो, असंही नाही.”

हे सालोने आजवर ऐकलं नव्हतं. तो होडीच्या कडेला टेकला.

गुलिझारने पदराने तोंड झाकून घेतलं. बऱ्याच वेळाने तिने पदर काढला तेव्हा डोळे कोरडे होते.

“दिलशाचं सरहतशी ठरलंय,” ती म्हणाली.

“सालो म्हणाला.”

“पोरगी खुशीत आहे. माझी दोन्ही पोरं सरहतच्या मागेमागे असतात. हे बाहेर आलं तर लग्न मोडेल, आणि नुसतं लग्न मोडून भागणार नाही.”

“मी कुणाला सांगणार, वहिनी? इथे माझ्याशी बोलतं कोण?”

“तसं नाही.” ती एक पाऊल पुढे आली. “तेव्हा तू न मागता दिलंस. आज मी तोंडाने मागते आहे. पुढेही तूच राहा. दिवा नेणारा. मी परत जाऊन त्या बाईशेजारी बसेन, ती तुला शाप देईल आणि मी आमीन म्हणेन. खरं माहीत असून म्हणेन. चालेल?”

बिरोने खाली पडलेलं पातं उचललं, पुसलं.

“चालेल,” तो म्हणाला.

तिने आभार मानले नाहीत. बसच्या थांब्यापर्यंत ती सालोच्या पुढे चालत गेली. बसमध्ये एकदाच बोलली. “तू मला का सांगितलंस, सालो? तुझं ओझं हलकं करायला?” सालोकडे उत्तर होतं, पण ती म्हणाली तेच ते होतं.

शरदात दिलशाचं लग्न झालं. तिला पहिला मुलगा झाला त्याचं नाव जुमा ठेवलं, दुसऱ्याचं नेझीर.

बिरो आणखी सहा वर्षं जगला. छातीत गंज आणि रंग साठलेलाच होता. शेवटच्या हिवाळ्यात त्याला खोपटापासून होडीपर्यंतही चालवेना. सालो पोचला तेव्हा तो बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोळी जाळी घेऊन निघाले तेव्हा, तो गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

सालोने मनाचा हिय्या करून गुंदिकला फोन लावला. तल्हा आणि अव्दो दोघेही आता नव्हते. जुमाच्या घरातला कर्ता आता सरहत होता.

“मेला तो,” सालो म्हणाला. “त्याला गावी आणू का? आईबापाजवळ. आता तर तो काही पाय लावणार नाही.”

“समेटात ठरलंय ते ठरलंय, सालोकाका. आई अजून जिवंत आहे माझी. तिच्या डोळ्यांदेखत आणू त्याला?”

“गुलिझारवहिनी आहे का तिथे? तिला दे.”

फोन हातातून हातात गेला. मागे पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी भांडं आपटत होतं.

“जावई म्हणतो तेच,” गुलिझार म्हणाली. लोकांसमोर बोलतो तसा आवाज. तिने फोन ठेवला नाही मात्र. सालोला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, “धुतलं का त्याला?”

“आता धुणार आहेत.”

“पाणी कोमट घ्यायला सांग.” आणि फोन बंद झाला.

दुपारी त्या मच्छीमार गावातच त्याला पुरलं. होड्यांवरची चार माणसं आली होती, गमबूट घालूनच, कारण पुन्हा कामावर जायचं होतं. इमाम तरुण होता, घाईत होता, पण त्याने रीत सोडली नाही. जनाज्यापुढे उभा राहून त्याने विचारलं, “हा मेलेला माणूस कसा होता, साक्ष द्या.”

“चांगला होता,” ते चौघे म्हणाले. त्यांना त्याचं नावही नीट माहीत नव्हतं.

सालोने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. इमामाने रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि दरवेळी ती चार परकी माणसं म्हणाली, चांगला होता, चांगला होता. सालो त्यांच्या शेजारी नुसता उभा होता. मग त्याच्या हातात कुणीतरी फावडं दिलं. त्याने माती लोटली, हात धुतले आणि चारची बस धरली, कारण सकाळी सातला कोठी उघडायची होती.